एकोणीस मुलांचा पट

२० एप्रिल १९९७, रविवार

नागपूरच्या शाळेत सहा वर्षं रोज पाठटाचण लिहिलं. त्यामुळे दिवसाचं काहीतरी कागदावर उतरल्याशिवाय हात मोकळा वाटत नाही. आता टाचण कशाचं लिहू? म्हणून ही वही.

सुशांत परवा अमेरिकेला गेला. सहा महिन्यांचं काम आहे, वाढलं तर डिसेंबर. बंगलोरला येऊन आम्हाला जेमतेम पाच आठवडे झालेत. अर्धी खोकी अजून बांधलेलीच आहेत. जाताना त्याने तीन शाळांची नावं पसंतीच्या क्रमाने लिहून दिली आणि म्हणाला, "शाल्मलीची पहिलीची ॲडमिशन हे आता तुझं खातं."

जे. पी. नगरच्याही पुढे ही नवी वसाहत आहे. आम्ही भाग्यलक्ष्मी अक्कांच्या घरी वरच्या मजल्यावर राहतो. अक्का मराठीच, पण त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आलेले. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. "तुमी स्वल्प पण लाजू नका, काय पायजे ते विचारा," म्हणाल्या. रस्त्याच्या टोकाला सरकारी प्राथमिक शाळा आहे, तिथे त्या मुख्याध्यापिका आहेत. मुख्याध्यापिका म्हणजे एकट्याच.

२४ एप्रिल

पहिल्या पसंतीची शाळा जयनगरात. टेबलापलीकडे तिघे बसले होते. शाल्मलीला रंग विचारले. ती आधी "पिवळा" म्हणाली, मग माझ्याकडे बघून "यलो". ते चाललं असतं. पण मग त्यांनी मला विचारलं की मुलं वाढवण्यामागे तुमचा विचार काय आहे. इंग्रजीत. नववीच्या साठ मुलींना बीजगणित शिकवणारी मी, मला एक वाक्य जुळेना. मी "येस" म्हणाले.

बाकीच्या दोन शाळांमधले फॉर्म डिसेंबरातच संपले होते.

घरी येताना रिक्षात शाल्मलीने विचारलं, "मी नापास झाले का?" मी म्हटलं, "नाही." ती नापास झालीच नव्हती.

३ मे

अक्का म्हणाल्या, "आमच्या शाळेत घाला की. या, बघून तरी जावा."

सुट्टी असूनही सहा-सात मुलं आली होती. त्यांना दुसरीकडे जायला जागाच नाही. बांधकामावरच्या गवंड्यांची मुलं, गजरे विकणाऱ्या बायकांची मुलं. कौलारू दोन खोल्या, पुढे करंजाचं झाड. अक्का सोड्याच्या बाटल्यांची बुचं घेऊन वजाबाकी शिकवत होत्या. दहाचा गठ्ठा सोडवून सुटी बुचं करायची, मग त्यातून काढायची. खरं सांगायचं तर मी सहा वर्षांत हातचा इतका स्वच्छ कुणाला समजावला नाही.

शाल्मली सरळ जाऊन त्यांच्यात बसली. निघताना उठेना.

पण माध्यम कन्नड. आणि सोबत ही मुलं. इथे लिहायला हरकत नाही, की मला त्या मुलांच्या पायांकडे बघून कसंतरी झालं आणि मग स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी मत बदललं नाही.

"यंदा एकोणीस होतात," अक्का कुलूप लावताना म्हणाल्या. "वीस झाले तर बरं."

"का?"

"काही नाही. सरकारचे आकडे."

मी म्हटलं, सुशांतला विचारते. विचारणार नाहीये.

९ मे

देव पावला. एसटीडी बूथवर मी आईशी बोलत होते ते ऐकून एक बाई थांबल्या. कस्तुरी मॅडम. मूळच्या पुण्याच्या, वीस वर्षं इथे. वसाहतीतल्याच एका बंगल्यात त्यांची शाळा आहे, 'लिटल मेपल्स इंग्लिश स्कूल'. मी ती पाटी रोज बघत होते, पण आत जायचा धीर झाला नव्हता.

"डोनेशनचं नावच काढू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही बी.एड. आहात, मला गणिताला माणूस हवंय. मुलगी तुमच्याबरोबर येईल, तुमच्याबरोबर जाईल."

"माझं इंग्लिश..."

"पहिली-दुसरीला असं किती लागतं? आणि इतक्या लांब आपण मराठी बायकांनी एकमेकींना धरून राहायला नको का?"

मला भरून आलं. दोन महिन्यांत प्रथमच कुणीतरी मला उपयोगाची म्हटलं.

सर्टिफिकेटं मूळचीच लागतात, तपासणीसाठी ऑफिसात ठेवावी लागतात. मी दुपारी जाऊन सगळी फाईल दिली. दहावीपासून बी.एड.पर्यंत. पावती मागायचं सुचलं नाही. आपल्या माणसाकडे पावती कशी मागणार?

२ जून, सोमवार

दोघींची पहिली शाळा. शाल्मलीला टाय बांधला, फोटो काढला, एक प्रत सुशांतला पाठवायची आहे. अक्काही तेव्हाच बाहेर पडत होत्या. शाल्मलीचा टाय नीट करत म्हणाल्या, "सरी," कन्नडमध्ये म्हणजे ठीक, "चांगलं होऊ दे." आणि घाईने निघून गेल्या.

२७ जून

शाळेचा नियम आहे, शाळेत आणि घरीही इंग्रजीच बोलायचं. मॅडम म्हणतात की पहिलं वर्ष कडक पाळलं की मग सोपं जातं. आम्ही पाळतो. पूर्वी शाल्मलीच्या बडबडीने कान किटायचे, आता जेवताना चमच्याचा आवाज ऐकू येतो. शिस्त लागते आहे. फक्त कॉलर चावायची नवी खोड लागली आहे. तिन्ही युनिफॉर्मच्या कॉलरी कुरतडून ठेवल्यात. आज दोन धपाटे दिले.

चार वाजले की मात्र ती खाली अक्कांकडे पळते. मी वरून ऐकते. तिथे तिचं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही, तेही कन्नडमध्ये. अक्का तिला पाटीवर अक्षरं शिकवतात. माझी मुलगी मला न कळणाऱ्या भाषेत हसते, याचं मला बरं वाटत नाही. पण थांबवलं तर अक्कांना वाईट वाटेल.

१४ जुलै

शाळेच्या ऑफिसात भिंतीवरच्या एका कागदावर गोल शिक्का आहे, कन्नडमधला. शाल्मली खुर्चीवर चढून एकेक अक्षर लावत वाचायला लागली, "श्री ज्ञानवाहिनी कन्नड प्राथमिक शाळा." मी म्हटलं, तू चुकत असशील. "चुकत नाहीये," ती म्हणाली. जुन्या ट्रस्टचं नाव असेल.

८ ऑगस्ट

नाव जुन्या ट्रस्टचं नाही.

आज तिसऱ्या तासाला घंटा लागोपाठ तीनदा वाजली आणि पोरं क्षणात उठली. इंग्रजी पुस्तकं गोळा करून स्वयंपाकघरामागच्या खोलीत नेऊन ठेवली, कपाटातून कन्नड पुस्तकं काढून बाकांवर मांडली. दुसरीतल्या मुलांना सगळं ठाऊक होतं. भिंतीवरचे तक्तेसुद्धा उलटे केले, मागच्या बाजूला कन्नड अक्षरं होती. चार मिनिटं लागली. मॅडम घड्याळ बघून म्हणाल्या, "व्हेरी गुड."

मग मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. "नवीन शाळांना चौथीपर्यंत इंग्लिश माध्यमाची परवानगी सरकार देत नाही. आईबापांना तर इंग्लिशच हवं. मग आपण काय करायचं? कागदावर कन्नड. यात कुणाचं नुकसान झालंय, सांग बरं."

मला कुणाचं नाव सांगता आलं नाही.

शाल्मलीने घरी येऊन विचारलं, "आई, आपल्या शाळेत खोटं बोलायचा पण तास असतो का?" इंग्रजीतच विचारलं. वाक्य बिनचूक होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

तपासणी झाली. शिक्षण खात्याचे साहेब चांगले वयस्कर, थकलेले वाटले. तीन घंटा झाल्या. मी पहिलीच्या वर्गात कन्नड तक्त्याजवळ छडी घेऊन उभी राहिले. मॅडमनी सांगितलं होतं की काही विचारलं तर हसायचं, त्या सांभाळून घेतील.

साहेबांनी मला काही विचारलं. मी हसले. मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी शाल्मलीला उठवलं. वर्गात दुसरं कुणी असं वाचू शकलंच नसतं. शाल्मलीने पुस्तक धरलं आणि पूर्ण धडा वाचला, एकदाही न अडखळता. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पाठ थोपटली, आणखी एक पान वाचायला लावलं. वाचताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, वाच म्हणून.

नंतर एका कन्नड कागदावर शिक्षकांच्या सह्या घेतल्या. मी मराठीतच केली, मला दुसरी येत नाही.

सगळे खूष होते. मॅडमनी शाल्मलीला चॉकलेटचा डबा दिला. तिने तो घरी येऊन अक्कांच्या ओट्यावर ठेवला आणि खायला नकार दिला. पोट बिघडलं असावं.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळी अक्का वर आल्या. कधी येत नाहीत, गुडघे दुखतात. हातात एक लांब पाकीट होतं. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"शाळा बंद करतात. जानेवारीपासून," म्हणाल्या. "हायवेच्या पलीकडच्या गावच्या शाळेत मिळवतात. मुलं पण, मी पण."

"असं कसं? का?"

"पट कमी. वीसच्या खाली. तरी दरसाल मी लिहून देत होते, इथे जवळपास दुसरी कन्नड शाळा नाही, मुलं कुठे जातील. दरसाल ऐकत होते." त्यांनी कागद उलगडला. "यंदा म्हणतात, आहे की. याच वसाहतीत कन्नड माध्यमाची उत्तम चाललेली शाळा आहे. तिचा अहवाल सोबत जोडलाय."

त्या वाचत गेल्या आणि मला मराठीत सांगत गेल्या. शाळेचं नाव, श्री ज्ञानवाहिनी. एकशे चाळीस मुलं. पहिलीच्या एका मुलीने दोन पानं अस्खलित वाचून दाखवली. शेवटी शिक्षकांच्या सह्या. त्यांचं बोट माझ्या सहीवर थांबलं. अख्ख्या पानावर तेवढीच एक सही देवनागरी होती.



"मला ते वाचता येत नव्हतं, अक्का."

"माहीत आहे."

"शाल्मलीला मॅडमनी उभं केलं."

"चांगलं वाचली असणार," अक्का म्हणाल्या. "मीच शिकवलं."

कागद घडी करून त्या कठडा धरून खाली गेल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

२० नोव्हेंबर

मॅडमकडे गेले. म्हटलं, त्या एकोणीस मुलांना आपल्याकडे घ्या. कागदावर आपण कन्नड शाळाच आहोत.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "आपले पालक दुसऱ्या दिवशी मुलं काढतील, सुचेता. तूसुद्धा काढशील."

मी म्हटलं, मग माझी सर्टिफिकेटं द्या. शाल्मलीचा दाखलाही द्या.

"मार्चमध्ये. वर्षाच्या मधे शिक्षक गेला तर मी काय दाखवू? आणि कागदावर सही तू केली आहेस. मी ती तुझ्यावर ढकलणार नाही, पण वेळ आलीच तर माझ्या हातात काय राहील?" त्यांनी माझा हात हातात घेतला होता. त्यांचा हात उबदार होता. सोडवून घ्यायला बराच वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं.

तास घ्यायला परत वर्गात गेले. दुसरं कुठे जाणार?

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सुशांतचा फोन आला. सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस. टीसी अडकवली तर पुढच्या वर्षी कुठेच घेणार नाहीत. ती शाळा आज ना उद्या बंद पडणारच होती." मग म्हणाला की त्याचं काम एप्रिलपर्यंत वाढलं आहे. मग शाल्मलीला फोनवर बोलावलं. ती दोन मिनिटं "यस पप्पा, यस पप्पा" म्हणत राहिली. त्याला फार आनंद झाला. म्हणाला, काय सफाई आली आहे.

२६ नोव्हेंबर

आज खोटं कारण सांगून अर्धी रजा घेतली आणि शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. घरी चार दिवस पत्र लिहीत होते. मराठीत लिहून उपयोग नव्हता. अक्कांना कन्नडमध्ये लिहून मागितलं असतं तर त्यांनीच सांगून लिहवून घेतलं असं झालं असतं. म्हणून इंग्रजीत लिहिलं, शब्दकोश घेऊन. या वसाहतीत कन्नड माध्यमाची दुसरी शाळा नाही. मी जिथे शिकवते तिथे कन्नड शिकवत नाहीत. मला स्वतःला कन्नड येत नाही. अहवालावरची सही माझी आहे आणि ती खोट्यावर केलेली आहे. चुका असतील. पण इंग्रजीत माझं असं, कुणी न सांगितलेलं, मी हेच पहिल्यांदा लिहिलं.

कारकुनाने पत्र घेतलं, टाचणी लावली, "सरी" म्हणाला. अक्कांना सांगितलं नाही. काही झालं तर कळेलच.

९ डिसेंबर

काही झालं नाही. झालं ते असं.

मधल्या सुट्टीत मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं पत्र होतं, माझंच अक्षर, त्या कारकुनाचीच टाचणी लागलेली.

"बस," म्हणाल्या. "चहा घेतेस?"

मला वाटलं, आता काढून टाकतील. खरं तर मी तीच वाट बघत होते.

"मी रागावलेली नाही. एकटी आहेस, नवरा लांब, माणूस असं काहीतरी करून बसतं." त्यांनी पत्राची नीट घडी केली, लोखंडी कपाट उघडलं आणि माझ्या सर्टिफिकेटांच्या फाईलमध्ये ते घालून ठेवलं. "फाईलला असू दे. पुढच्या वर्षी तुला तिसरीचंही गणित देणार आहे. मार्चचं मग बघू."

किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली. घंटा झाली. मी चहा संपवून उठले. चहा संपवला, याचं मला आत्ता लिहिताना आश्चर्य वाटतं.

२८ डिसेंबर, रविवार

आज शेवटी अक्कांना पत्राचं सांगितलं. त्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. मीही बसून सोलायला लागले.

"तुमी कशाला गेलात?" म्हणाल्या. "एकट्या?"

"उशिरा गेले."

"हं. उशिरा."

एकोणिसांपैकी आठ मुलांचे आईबाप हायवेपलीकडे पाठवायला तयार झालेत. तेही अक्का रोज बसने स्वतः नेणार-आणणार म्हणून. उरलेली अकरा, शाळेला आधीच कुलूप लागल्यामुळे, आता बांधकामावर वाळूत खेळतात. मी येता-जाता बघते. त्यातली एक शाल्मलीएवढी आहे.

शाल्मली अक्कांच्या मांडीला टेकून शेंगा मोजत होती. मान वर न करता मराठीत म्हणाली, "अज्जी, त्या गावच्या शाळेत जागा आहे का?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "असं मधेच घेतात?"

"सरकारी शाळेला मुलाला नाही म्हणता येत नाही. वय सांगायचं, आईचं नाव सांगायचं. पहिलीला दाखला कोण मागतंय."

"पण आता काय उपयोग, अक्का? तुमची शाळा तर गेली."

"शाळा गेली," त्या म्हणाल्या. "मुलगी आहे की."

सुशांत, दाखला, पुढचं वर्ष, इंग्रजी, मॅडमचं कपाट, सगळं डोक्यात एकदम आलं. माझ्याकडे मार्चपर्यंत, कदाचित त्याच्याही पुढे, हलायला जागा नाही. फाईल तिकडे आहे, पत्र तिकडे आहे. पण पंधरा दिवस मी एक गोष्ट तपासून बघते आहे आणि ती तशीच निघते. कपाटात शाल्मलीचं काहीही नाही. दाखल्याची भीती होती, तर तो पहिलीला कुणी मागतच नाही. ती माझ्यामुळे आत आहे, एवढंच.

५ जानेवारी १९९८, सोमवार

आज शाल्मलीला टाय बांधला नाही. घरचा निळा फ्रॉक घातला. तिने विचारलं नाही, पण जिना उतरताना दोनदा मागे वळून बघितलं, मी हाक मारून परत बोलावते की काय म्हणून.

पावणेआठची बस. थांब्यावर अक्का आठ मुलांना रांगेत धरून उभ्या होत्या. शाल्मली पळत जाऊन नववी उभी राहिली. तिच्या पुढच्या मुलीने तिचा डबा उघडून आत काय आहे ते बघितलं. दोघींचं काहीतरी बोलणं झालं, मला कळलं नाही.

बस आली. अक्का म्हणाल्या, "चार वाजता घेऊन येते. काळजी करू नका." मग प्रथमच मला एकेरीत म्हणाल्या, "तू पण जा आता. उशीर होतोय तुला."

सुशांतला सांगितलेलं नाही. रविवारी सांगीन. तो काय म्हणेल ते मला पाठ आहे. या शाळेत ती काय शिकेल, कुठवर शिकेल, पुढे कोणती शाळा तिला घेईल, यातलं काही मला माहीत नाही. तरी लिहिते की बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मला एकदाही तिला उतरवून घ्यावंसं वाटलं नाही.

मेपल्सच्या फाटकात मॅडम रोजच्यासारख्या उभ्या होत्या, येणाऱ्या प्रत्येक मुलाला गुड मॉर्निंग म्हणत. त्यांनी माझ्या बाजूला बघितलं, मग मागे रस्त्याकडे.

"शाल्मली कुठे आहे?"

"शाळेत गेली," मी म्हटलं आणि आत जाऊन हजेरी घ्यायला लागले.